बेवारस गाडी ओळखायची कशी, तक्रार करायची कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल्लीत सडत पडलेल्या गाड्यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक पुण्या-मुंबईची आहेत, पण कायदा बराचसा राज्यभर सारखाच. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. ‘बेवारस’ हा शब्द फसवा आहे. यातल्या बहुतेक गाड्यांना वारस असतो, आरटीओच्या नोंदीत त्याचं नाव असतं, आणि पुष्कळदा तो त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहत असतो.

१. बेवारस गाडी नेमकी कशाला म्हणायची?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागेत १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली वा कुणाच्या देखरेखीशिवाय ठेवलेली गाडी उचलायला गणवेशातला पोलीस अधिकारी सांगू शकतो. १० तास वाचून लोक दचकतात. रात्री आठला लावलेली गाडी सकाळी सहाला बेवारस? कागदावर तसं म्हणता येईल, पण त्या हिशेबानं कुणी गाड्या उचलत नाही. महापालिकेची माणसं गाडीची अवस्था बघतात: टायर बसून रिम रस्त्याला टेकली आहे, काच फुटली आहे, बॅटरी किंवा चाकं गायब आहेत, आत कचरा साठला आहे, बॉनेटच्या फटीतून रोपटं वर आलंय. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर तक्रारीला अर्थ आहे. नुसती धूळ हा पुरावा नव्हे. उन्हाळ्यात शेजारी बांधकाम चालू असेल तर आठ दिवसांत नवी कोरी गाडीही बेवारस दिसते.

२. समोरची गाडी सहा महिने जागची हललेली नाही. म्हणजे ती बेवारसच ना?

नाही. न हलणं आणि सोडून देणं यांत फरक आहे. हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. आमच्या रस्त्यावरच्या एका पांढऱ्या गाडीची मी तक्रार केली, नोटीस चिकटली, आणि चार दिवसांनी एक आजी विचारत आल्या की हे कुणी लावलं. त्यांचे यजमान पाच महिने अंथरुणाला खिळले होते. गाडीचा विमा चालू, कर भरलेला. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला नुसतं विचारलं असतं, तरी सगळं कळलं असतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. टायरमध्ये हवा भरायचा व्हॉल्व्ह घड्याळातल्या कुठल्या आकड्याशी आहे ते बघून ठेवायचं, दोन चाकांचं. तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. दोन्ही व्हॉल्व्ह तिथल्या तिथं असतील तर गाडी हललेली नाही हे पक्कं. मग इस्त्रीवाला, वॉचमन, वाणी यांना विचारायचं. मालक सापडला तर त्याच्याशीच बोलायचं. माझ्या अनुभवात अर्धी प्रकरणं इथंच मिटतात, कारण मालकाला गाडी नकोच असते, फक्त ती घालवायची कशी हे माहीत नसतं (प्रश्न १४ त्याला दाखवा).

३. नंबरवरून मालकाचं नाव-पत्ता मिळेल का?

पत्ता नाही. केंद्र सरकारच्या एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, कुठल्या आरटीओची ते, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत हे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं. तक्रारीला एवढं पुरतं. विमा आणि पीयूसी दोन्ही संपून चार-पाच वर्षं झाली असतील तर ते आवर्जून लिहा. मालकाचा मोबाईल काढून देतो म्हणणारे लोक भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. पूर्ण नाव-पत्ता काढणं हे महापालिकेचं आणि पोलिसांचं काम, आणि आरटीओकडून ते त्यांना मिळतं.

४. तक्रार महापालिकेकडे करायची की वाहतूक पोलिसांकडे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि टोलवाटोलवीही इथंच होते.

ढोबळ विभागणी अशी. गाडी धडधाकट आहे पण चुकीच्या जागी, वळणावर किंवा नो पार्किंगमध्ये लावली आहे: वाहतूक पोलीस. गाडी सडली आहे, रस्त्याची किंवा फुटपाथची जागा अडवून बसली आहे: महापालिका, म्हणजे बहुतेक शहरांत अतिक्रमण विभाग. गाडीबद्दल संशय आहे: स्थानिक पोलीस ठाणं (प्रश्न ७).

महापालिका “आम्हाला अधिकार नाही, पोलिसांकडे जा” असं सांगते तेव्हा नम्रपणे कायदा दाखवा. मुंबईला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३१४ लागू होतं, बाकीच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम २३१. रस्त्यावर बेकायदा ठेवलेली वस्तू नोटीस न देताही हटवायचा अधिकार या कलमांनी आयुक्तांना दिला आहे. उलट पोलीस म्हणाले की हे पालिकेचं काम, तर त्यांच्यासाठी कलम १२७ आहेच. मोडलेली, जळालेली किंवा अर्धवट सुटी केलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल तर त्यात १० तासही थांबावं लागत नाही, ती लगेच हलवता येते.

व्यवहारातला उपाय सोपा आहे. अर्ज एकच, नावं दोन. वर पालिकेच्या सहायक आयुक्तांचं, खाली “प्रत: वाहतूक विभाग”. दोन्हीकडे प्रत्यक्ष द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. दोघांना माहीत असलं की दुसऱ्याकडेही कागद गेलाय, की “तिकडे जा” म्हणायची सोय उरत नाही.

५. नेमकी कुठे नोंदवू, आणि काय लिहू?

मुंबईत पालिकेची हेल्पलाइन १९१६, शिवाय तुमचं विभाग कार्यालय, म्हणजे लोक ज्याला वॉर्ड ऑफिस म्हणतात ते. पुण्यात पीएमसी केअर ॲप किंवा क्षेत्रीय कार्यालय. ठाण्यात प्रभाग समिती. नावं वेगळी, काम एकच. फोन किंवा ॲपवर तक्रार केली तर टोकन नंबर लिहून ठेवा. पुढचा सगळा पाठपुरावा त्याच नंबरावर चालतो.

लिहिताना चिडचिड गाळा, तपशील भरा. असं काहीसं पुरे: “अमुक रस्त्यावर, अमुक दुकानासमोर, विजेच्या अमुक क्रमांकाच्या खांबाजवळ, करड्या रंगाची चारचाकी, नंबर एमएच १२ पासून सुरू होणारा (पूर्ण नंबर लिहा), किमान दीड वर्ष उभी आहे. पुढचे दोन्ही टायर बसले आहेत, मागची काच फुटली आहे, आत कचरा आहे. विमा संपल्याचं ॲपवर दिसतं. फोटो जोडले आहेत.” फोटो तीन हवेत: नंबरप्लेट, संपूर्ण गाडी, आणि एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा चौक दिसेल. तिसरा फोटो लोक विसरतात. मग पथक येतं, गाडी न सापडून परत जातं आणि तक्रार “निकाली” निघते.

६. नंबरप्लेटच नाहीये. आता?

नंबर नसला तरी तक्रार घेतलीच पाहिजे. रंग, मॉडेल, काचेवरचे स्टिकर, जुना पार्किंग पास, बाहेरून दिसेल ते लिहा. गाडीची खरी ओळख चॅसिस नंबरात असते. तो दुचाकीत हँडलच्या मानेजवळ कोरलेला असतो, काही मोटारींत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून वाचता येतो. दिसला तर टिपून घ्या, पण त्यासाठी दार किंवा बॉनेट उघडू नका. गाडी इतर बाबतीत ठणठणीत असून फक्त प्लेट काढलेली असेल तर पालिका सोडा, पुढचा प्रश्न वाचा.

७. गाडी चोरीची वाटते, किंवा आत संशयास्पद काहीतरी आहे.

हात लावू नका, लांब उभे राहा, ११२ ला फोन करा. नवी-चांगली गाडी अचानक येऊन उभी राहिली, प्लेट नाही किंवा पुढे एक नंबर आणि मागे दुसरा, कुलूप फोडलेलं, आत पिशव्या: यातलं काहीही असलं तरी हाच नियम. “उगाच पोलिसांना त्रास” असं वाटून घेऊ नका. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासाला दिशा मिळाली ती वरळीत सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनमुळे.

चोरीचा संशय असलेली गाडी पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली ताब्यात घेतात. तिचा खरा मालक कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात एफआयआरची प्रत घेऊन विमा कंपनीच्या चकरा मारत असेल.

८. तक्रार केल्यावर पुढे काय होतं? किती दिवस लागतात?

पाहणी, फोटो, मग काचेवर नोटीस. कायद्यानं नोटीस सक्तीची नसली (प्रश्न ४) तरी बहुतेक पालिका ती लावतात, कारण उद्या मालक कोर्टात गेला तर दाखवायला कागद लागतो. मुदत शहरागणिक वेगळी असते आणि नोटिशीवरच छापलेली असते, ती वाचा. मुदतीत मालक आला नाही तर गाडी उचलून गोदामात किंवा यार्डात नेतात. तिथंही दाव्यासाठी वेळ देतात, आणि शेवटी लिलाव.

उशीर बहुधा दोन जागी होतो. एक, टायर गेलेली गाडी नेहमीच्या टोइंगच्या गाडीला ओढवत नाही, तिला क्रेन लागते. दोन, यार्डात जागा नसते. कर्मचारी “बघतो” म्हणाला तर त्याला सरळ विचारा: क्रेन नाही की जागा नाही? उत्तर कळलं की पुढचा अर्ज कुणाला करायचा तेही कळतं. गणपतीच्या आधी मिरवणुकीचे रस्ते मोकळे करायची घाई असते, तेव्हा केलेली तक्रार माझ्या पाहण्यात तरी लवकर मार्गी लागते.

९. तक्रार मी केली हे मालकाला कळेल का?

नोटिशीवर तक्रारदाराचं नाव नसतं. पण गल्ली ती गल्ली, कार्यालयातून नाव फुटणारच नाही असं छातीठोक सांगता येणार नाही. धास्ती वाटत असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर किंवा पाच-सहा जणांच्या सह्यांनी अर्ज द्या.

१०. गाडी रस्त्यावर नाही, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे.

मग महापालिका हात लावणार नाही, ती खासगी जागा आहे. सोसायटीनं सभासदाला स्पीड पोस्टानं पत्र पाठवावं, उत्तर नाही आलं तर सर्वसाधारण सभेत ठराव करावा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावं. जुन्या भाडेकरूनं सोडलेली गाडी असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा, म्हणजे ती चोरीची निघालीच तर कमिटी अडकणार नाही. गेटबाहेर ढकलून “आता पालिकेची जबाबदारी” असं करू नका. गेटवरच्या कॅमेऱ्यात ढकलणारे तुम्हीच दिसाल.

याला अपवाद डासांचा. आतल्या टायरांत किंवा टपावर पाणी साचत असेल तर पालिकेचा कीटक विभाग खासगी जागेतही येतो. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत सात ते दहा दिवस घेतो, म्हणून पावसाळ्यात ही तक्रार वेगळी आणि आधी करा. रस्त्यावरच्या गाडीलाही हेच लागू. अतिक्रमण विभाग क्रेनची वाट बघत असताना फवारणीवाला येऊन जातो.

११. रस्ताच महापालिकेचा नाही. मग?

राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. पुण्यात लष्कर, खडकी, देहूरोड भागात किंवा नाशिकजवळ देवळालीत आधी कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे का ते बघा. रस्त्याची एक बाजू पालिकेची आणि दुसरी कॅन्टोन्मेंटची असं सर्रास असतं. रेल्वे स्टेशनच्या वाहनतळावरची गाडी असेल तर रेल्वे सुरक्षा दल. गावात ग्रामपंचायत: ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नं सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागांवरचे अडथळे काढायचा अधिकार तिला दिला आहे, आणि सरपंचांना बरेचदा हे नव्यानंच कळतं.

१२. पोलीस ठाण्यासमोरच गाड्यांचा ढीग आहे. त्याची तक्रार कुणाकडे करू?

हा प्रश्न चेष्टेत येतो, पण उत्तर खरं आहे. त्या गाड्या बेवारस नसून बहुतांशी मुद्देमाल आहेत: अपघातातल्या, चोरीच्या, गुन्ह्यात वापरलेल्या. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्या हलवता येत नाहीत. मात्र गुजरातमधल्या एका प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की जप्त गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. फोटो-पंचनामा करून त्या मालकाला बंधपत्रावर द्याव्यात, कुणीच आलं नाही तर लिलाव करावा. अडथळा होत असेल तर पोलीस उपायुक्तांना अर्ज करा. त्यातली एखादी गाडी तुमचीच असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ती सोडवता येते.

१३. त्या टेम्पोत कुणीतरी राहतं. तरीही तक्रार करायची?

मग ती गाडी सोडून दिलेली राहिली नाही, कुणाचं तरी छप्पर झाली. थेट टोइंगची तक्रार करू नका. बहुतेक महापालिकांचे बेघरांसाठी रात्रनिवारे आहेत. समाज विकास विभागाला आधी कळवा, आणि अर्जात “आत माणूस राहतो” हे ठळक लिहा. रात्रपाळीचा ड्रायव्हर दिवसा आपल्याच टेम्पोत झोपतो, तो वेगळा. त्याच्याशी बोला म्हणजे झालं.

१४. नोटीस माझ्याच गाडीला लागली आहे. गाडी नकोच आहे, पण करू काय?

आधी मुदत संपायच्या आत कार्यालयात जाऊन सांगा की मालक मी आहे. गाडी उचलली गेली तर उचलण्याचा खर्च कलम १२७ प्रमाणे तुमच्याकडूनच वसूल होतो.

मग ती रीतसर मोडीत काढा. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रं सुरू झाली आहेत. आरसी, ओळखपत्र आणि कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा कागद घेऊन त्यांच्याकडे जा. नेणं-आणणं कोण करणार आणि भाव काय, हे दोन-तीन केंद्रांना फोन करून विचारा. गाडीच्या बदल्यात ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरटीओतली नोंद रद्द होते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. बहुतेकांनी हे कधी ऐकलेलं नसतं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यानं दोन पैसे जास्त दिले तरी तो नोंद रद्द करत नाही. उद्या तुमच्या नंबरची प्लेट दुसऱ्याच गाडीवर लागली, तर पोलीस तुमच्या दारात येतील.

१५. गाडी मी केव्हाच विकली, तरी नोटीस माझ्या नावानं आली!

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटला दिल्या आणि विसरलात, असंच ना? नोंदीत तुमचं नाव असेपर्यंत कायद्यासाठी मालक तुम्हीच. अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हेच म्हटलं, मध्ये गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. विक्रीची पावती, डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याचा फोन, जे असेल ते नोटीस देणाऱ्या कार्यालयात आणि आरटीओत लेखी द्या. काहीच नसेल तर मनस्ताप वाचवायचा खात्रीचा मार्ग एकच: गाडी तुम्हीच ताब्यात घ्या आणि प्रश्न १४ प्रमाणे मोडीत काढा.

१६. वडिलांची स्कूटर आहे. ते गेले. आईला ती हलवू द्यायची नाही.

अशी पत्रं येतात तेव्हा कलमं सांगायला जीभ रेटत नाही. तरी सांगतो: मालकाच्या निधनानंतर तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करायची असते. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती लागते. मुदत उलटली असली तरी जाऊन या, काम होतं, उशिराचे पैसे पडतात. आणि स्कूटर रस्त्यावरून आत घ्या. जिन्याखाली, गच्चीवर, मामाच्या अंगणात, कुठेही. घराच्या आवारात ठेवलेल्या गाडीला कुणी नोटीस लावत नाही.

१७. आम्हीच वर्गणी काढून भंगारवाल्याला बोलावलं तर?

चोरीचा गुन्हा होईल. हेतू कितीही चांगला असला तरी गाडी तुमची नाही. आरसा किंवा चाकं काढून नेणाऱ्यांनाही हेच लागू.

१८. दोन महिने झाले, गाडी तिथेच.

टोकन नंबर घालून स्मरणपत्र द्या, मग माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, अर्ज १५० शब्दांत. “गाडी का उचलली नाही?” असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. विचारा: अमुक टोकनवर पाहणी कोणत्या तारखेला झाली, नोटिशीची प्रत द्या, अहवालाची प्रत द्या. उत्तराची मुदत ३० दिवस, नाहीतर पहिलं अपील. पुष्कळदा उत्तर यायच्या आधी क्रेन येते.

१९. गाडी गेली, पण खाली काचा, ऑइल आणि कचरा तसाच आहे.

हे काम अतिक्रमणवाल्यांचं नाही. घनकचरा विभागाकडे नवी तक्रार करा, जुन्या टोकनचा उल्लेख करून. आणि त्याच दिवशी तिथं दोन कुंड्या ठेवा म्हणून पुष्कळ जण सुचवतात, ते करू नका. रस्त्यावर ठेवलेली कुंडी कलम २३१ खाली तितकीच येते.